कमिट माझा, नाव भलत्याचं: योगदानकर्त्यांच्या यादीतले नेहमीचे घोळ आणि त्यांवरचे उपाय

ओपन सोर्स सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जाहीर झाली की आभाराच्या यादीबद्दल तक्रारी ठरलेल्या. एकाचं नाव दोनदा आलंय, दुसऱ्याचं आलंच नाही, तिसरीचं आलंय पण तिने केव्हाच सोडून दिलेल्या युजरनेमने. मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) यादी हाताने नीट करतो आणि पुढच्या आवृत्तीला तोच घोळ पुन्हा उभा राहतो. तो राहणारच, कारण यादी ज्या नोंदींतून निघते त्या तशाच असतात.

एकाच माणसाची ओळख तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी ठेवलेली असते. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट फक्त नाव आणि ईमेल जाणतं; त्यातल्या एकेका नोंदलेल्या बदलाला कमिट म्हणतात. युजरनेम त्याच्या गावीही नसतं. असे प्रकल्प जिथे ठेवतात ती गिटहब आणि गिटलॅब ही संकेतस्थळं कमिटमधला ईमेल पाहतात आणि तो कुठल्या खात्याला जोडलाय ते शोधतात. त्या खात्याला आतून एक न बदलणारा क्रमांक असतो. माणसं मात्र एकमेकांना युजरनेमने ओळखतात, जे हवं तेव्हा बदलता येतं. या तिघांतला एखादा सांधा निखळला की श्रेय हरवतं. कुठला निखळलाय ते आधी शोधायचं, यादीला हात नंतर.

पुढे आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी निदान

ज्या कमिटचं श्रेय हरवलंय त्याचा हॅश (कमिटची ओळख असलेली अक्षरं-आकड्यांची मालिका) घ्या आणि 'गिट शो' ही आज्ञा '--फॉरमॅट=फुलर' या पर्यायासह चालवा. एरवी फक्त ऑथर दिसतो. इथे ऑथर आणि कमिट अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात. ऑथर म्हणजे ज्याने बदल लिहिला तो, कमिटर म्हणजे ज्याने तो इतिहासात घातला तो. श्रेय ऑथरच्या ईमेलवर ठरतं. रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइली आणि इतिहास यांचा साठा) क्लोन केलेली, म्हणजे आपल्या यंत्रावर उतरवलेली नसेल तर गिटहबवर त्या कमिटच्या पानाच्या पत्त्याला शेवटी 'डॉट पॅच' जोडा. फ्रॉमच्या ओळीत तोच ईमेल दिसेल.

बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. ईमेल अनोळखी किंवा यंत्राने बनवलेला दिसला तर दुखणं कॉन्फिगमध्ये (गिटच्या सेटिंग्जमध्ये) आहे. ऑथर म्हणून मेंटेनरचंच नाव असेल तर मर्ज करताना, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळताना, घात झालाय. सगळं ठीक दिसत असूनही आलेखात नाव नसेल तर आधी हे लक्षात घ्या: गिटहबचा कॉन्ट्रिब्युटर्स आलेख पहिले १०० जणच दाखवतो, मर्ज कमिट आणि रिकामे कमिट मोजत नाही, आणि डीफॉल्ट ब्रँचमध्ये (मुख्य शाखेत) न पोहोचलेलं काम त्यात येत नाही. प्रोफाइलवरचे हिरवे चौकोन उमटायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. यातलं काहीच बिघाड नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका.

ईमेल जुळत नाही

यूजर डॉट ईमेल सेट केलेला नसेल तर गिट यंत्रावरचं लॉगिन आणि होस्टनेम जोडून स्वतःच पत्ता बनवतं. शेवटी 'डॉट लोकल' असलेले पत्ते इतिहासात शिरतात ते असे. हा पत्ता गिटहबच्या खात्याला नंतर जोडताच येत नाही, म्हणजे ते कमिट तिथे कायमचे बेवारस. नव्यांसाठीच्या सूचनांत म्हणून एक ओळ हवीच: 'गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.यूजकॉन्फिगओन्ली ट्रू'. ती चालू असली की ईमेल सेट नसताना गिट अंदाज बांधत नाही, कमिट करायलाच सरळ नकार देतं.

नोकरीचं काम आणि स्वतःचं काम एकाच लॅपटॉपवर करणाऱ्यांचे कमिट ऑफिसच्या ईमेलने जातात. गिट २.१३ पासून कॉन्फिगमध्ये 'इन्क्लूडइफ' लावून फोल्डरप्रमाणे ईमेल बदलता येतो: 'गिटडिर:' नंतर फोल्डरचा मार्ग आणि शेवटी तिरकी रेघ. ही शेवटची रेघ हटकून विसरली जाते. मग अट आतल्या रिपॉझिटरींना लागूच होत नाही, एररही येत नाही, आणि जुना ईमेल मुकाट चालू राहतो. कुठल्या फाइलमधून कोणता ईमेल येतोय ते 'गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन यूजर.ईमेल' सांगतं. आज्ञा त्या रिपॉझिटरीच्या आत उभं राहून चालवा, नाहीतर भलतंच उत्तर मिळेल.

कमिटमधला पत्ता खरा आणि चालू असेल तर सुटका सोपी आहे. खात्याच्या सेटिंग्जमध्ये तो ईमेल जोडायचा आणि पडताळायचा. इतिहासाला हात न लावता जुने कमिट आपोआप खात्याला लागतात. मात्र एक पत्ता एका वेळी एकाच खात्याला जोडता येतो, तेव्हा विसरलेलं दुसरं खातं असेल तर आधी तिथून तो काढावा लागतो. आणि पडताळणीचा मेल त्याच पत्त्यावर येणार, म्हणून ऑफिसचा ईमेल नोकरी सोडायच्या आधी जोडलेला बरा.

कधीकधी नाव आपलं आणि चित्र कुणा परक्याचं असंही दिसतं. कॉन्फिगमध्ये पत्ता चुकीचा टाइप झालाय किंवा एखाद्या ट्युटोरियलमधला नमुन्याचा पत्ता जसाच्या तसा उचललाय, आणि तो दुसऱ्याच कुणाच्या खात्याला जोडलेला आहे. गिट ईमेल पडताळत नाही, जो लिहाल तो घेतं.

ज्यांना ईमेल उघड करायचा नाही ते गिटहबचा नोरिप्लाय पत्ता वापरतात. त्यात एक जुना सापळा आहे. १८ जुलै २०१७ नंतरच्या खात्यांच्या पत्त्यात आधी खाते क्रमांक, मग अधिकचं चिन्ह आणि मग युजरनेम असतं. त्याआधी ईमेल लपवलेल्या खात्यांच्या पत्त्यात नुसतंच युजरनेम असतं. अशाने युजरनेम बदललं की आधीचे सगळे कमिट खात्यापासून सुटतात. क्रमांकवाल्या पत्त्याला हा धोका नाही. जुन्या खातेदाराने ईमेल खाजगी ठेवण्याची खूण एकदा काढून पुन्हा लावली की क्रमांकवाला पत्ता मिळतो. हे युजरनेम बदलण्याच्या आधी करायचं. तोवर जुन्या पत्त्याने झालेले कमिट त्याने सुधारत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

एकच माणूस यादीत दोनदा

'गिट शॉर्टलॉग -एसएनई हेड' चालवा, म्हणजे कुणाचे किती कमिट ते दिसेल. एस नुसते आकडे देतो, एन जास्त कमिटवाल्यांना वर आणतो, ई ईमेल दाखवतो. शेवटचं 'हेड' गाळू नका: टर्मिनल नसेल तर शॉर्टलॉग स्टँडर्ड इनपुट वाचत बसतो, आणि सीआयमध्ये (तपासण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) आउटपुट रिकामं येतं. सीआयमधलाच दुसरा घोळ म्हणजे आकडे फारच कमी दिसणं. गिटहब ॲक्शन्समधली चेकआउटची पायरी मुळात एकच कमिट आणते. 'फेच-डेप्थ' शून्य केल्यावर पूर्ण इतिहास येतो.

दोनदा आलेली नावं एक करायला रिपॉझिटरीच्या मुळाशी 'डॉट मेलमॅप' ही फाइल ठेवतात. तिच्यातली कामाची ओळ अशी:

हवं ते नाव <हवा तो ईमेल> <कमिटमधला ईमेल>

डावीकडे काय दिसायला हवं ते, उजवीकडे काय सापडेल ते. उलटं लिहिणं ही इथली सर्वांत मोठी चूक, आणि उलट्या ओळीलाही गिट तक्रार करत नाही. फक्त नाव बदलायचं असेल तर 'हवं ते नाव <कमिटमधला ईमेल>' एवढं पुरतं. चार भागांची ओळही असते, जिच्यात कमिटमधलं नावही द्यावं लागतं. ती फक्त दोन माणसांनी एकच ईमेल वापरला असेल तेव्हाची, उदाहरणार्थ सामाईक यंत्रावरचं रूट खातं. बरेच जण खबरदारी म्हणून सगळीकडे हीच लिहितात. मग त्या माणसाने नावात एक आद्याक्षर जास्तीचं घातलं की ओळ जुळत नाही आणि तो पुन्हा दोनदा. ओळ लागू पडतेय का ते 'गिट चेक-मेलमॅप "नाव <ईमेल>"' लगेच सांगतं.

शॉर्टलॉग आणि ब्लेम (कुठली ओळ कुणाची ते दाखवणारी आज्ञा) ही फाइल वाचतात. गिट लॉग २.२३ पासून कुठलाही पर्याय न देता वाचतो. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचं आभाराचं पानही मेलमॅप वापरूनच तयार होतं. गिटहबचा आलेख मात्र खात्याला जोडलेल्या ईमेलवरच चालतो, त्यामुळे मेलमॅप लिहूनही तिथे फरक दिसला नाही तर गोंधळून जाऊ नका.

देवनागरीत नाव लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी गोम आहे. 'गोऱ्हे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र एक कीबोर्ड 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने लिहितो, ज्याचा युनिकोड क्रमांक ०९३१. दुसरा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक अशी तीन चिन्हं घालतो. तिसरा साध्या र खाली नुक्ता देऊन मग हलन्त लावतो. पडद्यावर तिन्ही सारखेच, संगणकाला तीन वेगळी नावं. एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे समान अक्षरांना एकच रूप देण्याच्या युनिकोडच्या रीतीने, पहिला आणि तिसरा प्रकार एक होतात; जोडकवाला तसाच राहतो. मेलमॅप असलं काहीच करत नाही, लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद तेवढा सोडून देतो. म्हणून देवनागरी नावांसाठी नावावर जुळवणी ठेवूच नका, ईमेलवर ठेवा. आपली स्क्रिप्ट नावांची तुलना करत असेल तर तुलनेपुरतं एनएफसी करून जोडक काढून टाका आणि 'ऱ'च्या जागी साधा र धरा, नाहीतर जोडकवाला प्रकार बाकीच्यांशी जुळत नाही. छापताना मात्र माणसाने जसं लिहिलंय तसंच छापा, कारण जोडक काढलेलं नाव पडद्यावर मोडकं दिसतं.

मर्ज करताना गेलेलं श्रेय

गिटहबवर स्क्वॅश मर्ज केलं (अनेक कमिट एकात दाबून मिसळले) की पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) उघडणारा ऑथर होतो आणि त्यात कमिट केलेले बाकीचे संदेशातल्या 'को-ऑथर्ड-बाय' (सहलेखकाच्या) ओळींत जातात. संदेश सुटसुटीत करण्याच्या नादात मेंटेनर नेमक्या त्याच ओळी पुसतो. हाताने लिहिताना त्या संदेशाच्या अगदी शेवटी हव्यात, वर एक रिकामी ओळ सोडून. दोन को-ऑथर ओळींमध्ये मात्र रिकामी ओळ नको. प्रत्येक ओळीत नाव आणि कोनी कंसात ईमेल, आणि ईमेल त्या माणसाच्या खात्याला जोडलेला. कंसात युजरनेम लिहून काहीही होत नाही. ईमेल माहीत नसेल तर क्रमांकवाला नोरिप्लाय पत्ता बनवता येतो, कारण खाते क्रमांक सार्वजनिक एपीआयमधून मिळतो.

कुणाची तरी अर्धवट राहिलेली पुल रिक्वेस्ट दुसरा पूर्ण करतो, तिथे तर श्रेय हमखास जातं. बदल कॉपी करून नवा कमिट केला की मूळ माणूस गायब. त्याऐवजी मूळ कमिटच उचलून आणणारं 'गिट चेरी-पिक' वापरा, मूळ ऑथर तसाच राहतो. ईमेलने आलेला पॅच (बदलांची फाइल) 'गिट अप्लाय'ने लावला तर फक्त बदल येतात आणि कमिट लावणाऱ्याच्या नावावर होतो. 'गिट एएम' फ्रॉम ओळीतला ऑथर राखतो. शेवटचा कमिट सुधारणाऱ्या 'अमेंड'नेही ऑथर बदलत नाही, जोवर '--रीसेट-ऑथर' दिलेला नाही. कुणाच्या तरी स्क्रिप्टमध्ये तो पर्याय पडून आहे का ते एकदा शोधा.

मर्ज होऊन गेल्यावर लक्षात आलं तर? 'गिट फिल्टर-रेपो' मेलमॅप घेऊन पूर्ण इतिहास नव्याने लिहू शकतं. पण मग पहिल्या बदललेल्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश बदलतात, कमिटवरच्या डिजिटल सह्या रद्द होतात, प्रत्येक फोर्क (इतरांनी घेतलेली प्रकल्पाची प्रत) आणि उघडी पुल रिक्वेस्ट अडकते. एका गाळलेल्या ओळीसाठी हे करू नये. रिकामा कमिट करून त्यात को-ऑथर लिहिण्याचा सल्ला बरेचदा दिला जातो, पण आलेख रिकामे कमिट मोजतच नाही. योगदानकर्त्यांच्या फाइलमध्ये त्या माणसाचं नाव घालणारा खराखुरा कमिट करा आणि त्याच कमिटमध्ये त्याला को-ऑथर लिहा. तो आलेखातही धरला जातो आणि आवृत्तीच्या टिपणातही उल्लेख करता येतो.

को-ऑथर धरून मोजणी हवी असेल तर शॉर्टलॉगला '--ग्रुप=ऑथर' आणि '--ग्रुप=ट्रेलर:को-ऑथर्ड-बाय' असे दोन्ही पर्याय द्या. गिट २.२९ पासून हे चालतं, आणि मेलमॅप इथेही लागू होतो. लिनक्स कर्नलसारख्या (लिनक्सच्या गाभ्यासारख्या) प्रकल्पांत रिपोर्टेड-बाय, टेस्टेड-बाय, रिव्ह्यूड-बाय याही ओळी असतात. त्याही अशाच मोजता येतात.

युजरनेम बदललं

गिटहबवर युजरनेम बदलल्यावर रिपॉझिटरीचे जुने दुवे नव्या पत्त्याकडे वळतात, पण जुनं प्रोफाइल पान ४०४ देतं. सोडलेलं युजरनेम दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि त्याने त्याच नावाची रिपॉझिटरी बनवली की वळवणंही थांबतं. म्हणजे तुमच्या जुन्या टिपणांतला आभाराचा दुवा उद्या अनोळखी माणसाकडे जाऊ शकतो. त्यात तो दुवा इन्स्टॉलच्या सूचनेत असेल तर प्रश्न श्रेयापुरता राहत नाही, सुरक्षेचा होतो.

नाव कुठेकुठे रुतलेलं असतं ते 'गिट ग्रेप -आय जुनं-युजरनेम' दाखवतं. कुठला कोड कुणी तपासायचा ते सांगणारी कोडओनर्स फाइल पहिली पाहा: तिथलं जुनं नाव निकामी झालं की त्या फाइलींना रिव्ह्यूअर नेमला जात नाही, आणि हे कुणाच्या लक्षात यायला बराच काळ जातो. ती फाइल गिटहबवर उघडली तर चुकीच्या ओळी दाखवल्या जातात. एनपीएम आणि पायपीआय या पॅकेजच्या संग्रहांवर युजरनेम बदलताच येत नाही, तेव्हा तिथे जुनं नाव दिसतंय म्हणून मागे लागू नका.

योगदानकर्त्यांचं टेबल बनवणारं ऑल-कॉन्ट्रिब्युटर्स हे साधन वापरत असाल तर त्याचा बॉट माणसाला लॉगिनवरून ओळखतो. युजरनेम बदललेल्याला नव्याने जोडलं की जुनी नोंद राहते आणि शेजारी दुसरी येते. 'डॉट ऑल-कॉन्ट्रिब्युटर्सआरसी'मध्ये जुन्या नोंदीचं लॉगिन आणि प्रोफाइल हाताने बदला, मग 'जनरेट' चालवा. टेबल काही केल्या बदलतच नसेल तर रीडमीमधल्या सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या लपलेल्या कॉमेंट शाबूत आहेत का पाहा. एखादा फॉरमॅटर किंवा उत्साही संपादक त्या उडवून बसलेला असतो. बॉटच्या दोन पुल रिक्वेस्ट एकाच वेळी उघड्या राहिल्या की त्या जेसन फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) होणारच. एक मर्ज करा, दुसरी बंद करून नव्याने मागा.

या सगळ्यावर टिकाऊ इलाज एकच: स्वतःच्या यादीत युजरनेमबरोबर खाते क्रमांकही साठवा. आवृत्तीच्या आधी स्क्रिप्टने क्रमांकावरून चालू लॉगिन विचारायचं आणि फरक दाखवायचा. खातंच मिटवलेलं असेल तर गिटहब त्या जागी 'घोस्ट' दाखवतं. कमिटमधलं नाव तसंच राहतं.

वर्डप्रेस कोअरची रीत वेगळी आहे. तिथे कमिट थोडेच जण करतात आणि बाकीच्यांचं श्रेय कमिट संदेशातल्या 'प्रॉप्स' ओळीत, वर्डप्रेस डॉट ऑर्गवरच्या युजरनेमने दिलं जातं. गिटहबचं नाव तिथे लिहिलं तर श्रेय कुणालाच लागत नाही. योगदानकर्त्याने दोन्ही खाती जोडलेली असली की प्रॉप्स बॉट पुल रिक्वेस्टवर नेमकी ओळ तयार करून देतो.

माणसाचं नावच बदललं

लग्न, लिंगओळख, सुरक्षितता, कारण काहीही असो, ते विचारायचं नाही. इथे तांत्रिक अडचण अशी की मेलमॅप ही उघड फाइल आहे. चार भागांची ओळ लिहिली तर जुनं नाव नव्या नावाच्या शेजारीच छापलं जातं. तीन भागांची ओळ वापरा, तिच्यात जुनं नाव येत नाही. जुन्या ईमेलमध्येच जुनं नाव असेल तर एवढ्याने भागत नाही. तेव्हा ओळ घालायची की नाही हे त्या व्यक्तीनेच ठरवावं. कमिटचा शीर्षसंदेश 'अमक्याचं नाव बदललं' असा तर मुळीच नको, 'मेलमॅप अद्ययावत' पुरे.

टोपणनावाने काम करणाऱ्यांना सही हा अडथळा वाटतो. हे काम देण्याचा हक्क आपल्याला आहे असं सांगणाऱ्या साइन्ड-ऑफ-बाय या ओळीसाठी कर्नलच्या नियमांत पूर्वी खरं नाव हवं होतं. २०२३मध्ये तो शब्दप्रयोग बदलून नाव माहीत असलेल्या ओळखीचं असावं, निनावी नसावं, असा केला गेला. तुमच्या प्रकल्पाने जुना नियम कधीकाळी जसाच्या तसा उचलला असेल तर तो पुन्हा वाचा. डीसीओ (या सहीमागचं जाहीर निवेदन) तपासणारा बॉट लाल दिसतोय याचं कारण मात्र बहुतेकदा साधं असतं: सहीतला आणि ऑथरचा ईमेल वेगळा. कॉन्फिग दुरुस्त करून शेवटच्या कमिटपुरतं 'गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर --साइनऑफ' पुरतं. इथे ऑथर स्वतःच आपला कमिट सुधारतोय, म्हणून रीसेट चालतो. जुनी चुकीची सहीची ओळ संदेशातून काढून टाका.

गिटमध्ये न दिसणारे

अनुवादक, तक्रारींची छाननी करणारे, डिझाइन करणारे गिटच्या इतिहासात येतच नाहीत. गिटहबची आपोआप बनणारी टिपणंही फक्त मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्ट पाहतात. पीओ फाइलच्या (अनुवाद साठवणाऱ्या फाइलच्या) शीर्षभागात शेवटच्या अनुवादकाचंच नाव राहतं, आधीच्यांचं पुसलं जातं. गनोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये यासाठी 'ट्रान्सलेटर-क्रेडिट्स' ही खास ओळ असते: ती भाषांतरित करायची नसते, तिथे अनुवादकांची नावं लिहायची असतात आणि ती ॲपच्या माहिती-खिडकीत दिसतात. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये 'युअर नेम्स' आणि 'युअर ईमेल्स' या ओळी तेच काम करतात. वेबलेट हे ऑनलाइन अनुवादाचं साधन वापरत असाल तर प्रत्येकाला प्रोफाइलमध्ये कमिटसाठीचा ईमेल निवडायला सांगा. स्क्वॅशचं ॲड-ऑन लावलं असेल तर त्यातली ट्रेलर (को-ऑथरसारख्या संदेशाच्या शेवटच्या ओळी) जोडण्याची खूण चालू ठेवा, नाहीतर दहा जणांचं काम एकाच्या नावावर जातं.

पुल रिक्वेस्टच्या साच्यात एक प्रश्न ठेवा: 'आभाराच्या यादीत नाव कसं हवं?' उत्तरांत 'नको' हाही पर्याय असू द्या. 'नको' म्हणणाऱ्यांची नोंद खाते क्रमांकासह वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि यादी बनवणाऱ्या स्क्रिप्टला ती आधी वाचायला लावा. नाव हाताने काढून टाकलं तर पुढच्या वेळी स्क्रिप्ट ते पुन्हा घालते. ही फाइल सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवू नका.